आण्णांचं बोलणं गेलंय, चित्रांचा बोर्ड दिला तर ढकलून देतात, काय करू?

उद्यमनगरकर

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितोय इथं, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचे आण्णा, वय ६८. पाच महिन्यांपूर्वी पहाटे अंगावरून वारं गेलं. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी निघाली, उजवा हात-पाय गेला आणि त्याबरोबर बोलणंही गेलं. पाय आता बराच सुधारलाय, काठी धरून उंबऱ्यापर्यंत येतात, पण बोलणं काही परत आलं नाही. फाईलवर अफेजिया लिहिलंय, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषाच अडते तो आजार. आम्हाला वाटतं त्यांना कळतं सगळं, बातम्या लागल्या की तोंड वाकडं करतात, नातू शाळेतनं आला की डोळे चमकतात, पण तोंडातनं येतं ते एकच, "अगं ते, अगं ते". पाणी पाहिजे तरी अगं ते, पंखा बंद करा तरी अगं ते, आणि आईला पण तेच आणि मला पण तेच. आणि संध्याकाळी आईनं देवापुढं आरती धरली की मागनं आण्णा अख्खं कडवं म्हणतात हो, एक शब्द चुकत नाही. शिवी पण स्पष्ट येते. मग बाकीचं का येत नाही, आम्ही तर चक्रावून गेलोय.

दवाखान्यातनं निघताना एक चार्ट दिला होता, लॅमिनेशन केलेला, चार ओळी आणि एका ओळीत चार चित्रं. पाणी, जेवण, संडास, औषध, दुखतंय, झोप वगैरे, खाली इंग्रजीत नावं. पहिले काही दिवस आण्णांनी डाव्या हातानं एकदोनदा बोट लावलं, ते पण डावीकडच्याच चित्रांना, उजवीकडच्यांना कधीच नाही. आता समोर धरला की ढकलतात. गेल्या आठवड्यात तर खाली फेकला. हो-नाही विचारावं तर त्याचा पण भरवसा नाही, चहा घेणार का म्हटलं की मान हलवून हो म्हणतात आणि कप पुढं केला की चिडतात.

आमचं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप, आण्णांनी ३५ वर्षं लेथ, म्हणजे लोखंड कातायचं मशीन, चालवला. मी शिरोलीत नोकरीला, मला ते काम येत नाही, त्यामुळं शेड बंदच आहे. परवा लेथ बघायला एक गिऱ्हाईक आलं होतं, त्यावर घरात बोलणं चाललेलं, तर आण्णांनी टेबलावर हात आपटला, अगं ते अगं ते अगं ते, घामाघूम झाले, कुणालाच काही कळेना, शेवटी त्यांच्या डोळ्यांतनं पाणी आलं. मी उठून बाहेर गेलो. बघवेना खरंच.

आता विचारायचंय ते असं की हा बोर्ड त्यांना पोरखेळ वाटतोय म्हणून राग येतोय का त्यांना तो कळतच नाही? चित्रांऐवजी अक्षरांचा बोर्ड केला तर? मोबाईलवरचं ॲप घ्यावं का? आणि आई म्हणते बोटानं दाखवायची सवय लागली की बोलायचा प्रयत्नच सोडून देतील, हे खरं का? कुणी यातनं गेलं असेल तर सांगा.

---

राजारामपुरीची_आई

दादा, वाचून पोटात कालवलं. माझी मुलगी १३ वर्षांची आहे, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळं हालचालींवर ताबा नसतो, तिला जन्मापासूनच बोलता येत नाही, म्हणजे तुमच्या आण्णांपेक्षा वेगळी गोष्ट आहे, पण बोर्डाच्या बाबतीत आम्ही केलेली चूक तुमच्या चार्टमध्ये जशीच्या तशी दिसतेय म्हणून लिहितेय.

आमचा पहिला बोर्ड पण असाच होता, पाणी, शू, खाऊ, झोप. ती पाच वर्षांची होती. दोन महिन्यांत तिनं त्याच्याकडं बघायचं सोडलं. मी म्हणायचे हिला कळत नाही. मग एक दिवस मी स्वतःच मोजलं, आपण दिवसभर घरात काय काय बोलतो, आणि पाणी दे, जेवायला वाढ हे त्यातलं किती असतं? अगदी थोडं. बाकी सगळं काय असतं तर, अगंबाई खरंच? नको म्हटलं ना. कोण आलंय? मला नाही पटत. ती तशीच आहे. उद्या बघू. हे काहीच त्या बोर्डावर नव्हतं. तिला आम्ही फक्त मागायची सोय करून दिली होती, बोलायची नाही. त्यात पाणी तर तिला तसंही न मागता मिळत होतं!

तर आम्ही नवीन बोर्ड केला, त्यात सगळ्यात आधी घातलं: नको. पुरे. परत. थांब. कंटाळा आला. तू चुकीचं समजलीस. मला वेगळंच सांगायचंय. गप्प बस. हो, गप्प बस पण. घरात मोठी माणसं म्हणाली असलं काय शिकवतेस, पण तिच्या वयाची बाकीची पोरं म्हणतातच की. ते तिनं पहिल्यांदा वापरलं ते तिच्या आत्याला, आत्या तिच्यासमोरच तिच्याबद्दल "हिचं कसं होणार पुढं" म्हणून बोलत होती तेव्हा. मला त्या दिवशी रडू आलं आणि आनंदही झाला, कारण ते अगदी तिचं स्वतःचं होतं.

बोर्डावरचं "तू चुकीचं समजलीस" हे घर, म्हणजे चौकोन, सगळ्यात महत्त्वाचं. ते नसेल ना तर आपण आपल्या मनानं काहीतरी ठरवतो आणि त्या माणसाकडं आपल्याला अडवायचा काही मार्गच राहत नाही. तुमच्या आण्णांनी टेबलावर हात आपटला तो त्याचसाठी असेल असं मला वाटतं.

दुसरं म्हणजे तुम्ही स्वतः तो बोर्ड वापरता का? नुसता समोर धरून "दाखवा काय पाहिजे" म्हटलं की ती परीक्षा होते. मी बोलता बोलता बोट लावायचे, "मला *कंटाळा* आलाय, *बाहेर* जाऊया, *रंकाळा*" असं. चार महिने मी एकटीच बोट लावत होते, तिनं काही लावलं नाही. मग लावलं. आणि विचारल्यावर थांबायचं, मी मनात पंधरापर्यंत आकडे मोजते, आठ-नऊला वाटतं की आता बोलून टाकावं, तेव्हा ओठ दाबून धरायचे, बरेचदा तिचा हात बारा-तेराला हलतो.

मराठीत अजून एक अडचण येते ती कुणी सांगत नाही. तयार चार्टवर "पाणी दे" असतं. मुलगी आईला म्हणेल तर ठीक, पण शाळेत बाईंना "दे" कसं म्हणणार? आणि "मी जातो" असतं, माझी मुलगी जातो कशाला म्हणेल? म्हणून आम्ही "पाहिजे" आणि "नको" यावर भर दिला, पाणी पाहिजे, बाहेर पाहिजे, हे लहानथोर कुणालाही चालतं आणि पुरुष बाई दोघांनाही. जिथं क्रियापद लागतंच तिथं मी हातानं "जाते, बघते, येते" लिहिलं. आणि चित्रं स्पेनमधल्या आरागॉन सरकारच्या अरासाक नावाच्या संग्रहातनं घेतली, फुकट मिळतात, धंद्यासाठी वापरायची नाहीत एवढंच. पण पांढरा रस्सा, आजीचं घर, आमची गल्ली हे कुठल्या संग्रहात मिळणार, त्याचे आम्ही मोबाईलवर फोटो काढले. एक बोर्ड स्वयंपाकघरात, एक पलंगाशी, एक दप्तरात. एकच करून कपाटावर ठेवला तर त्याचा उपयोग नाही.

---

श्रवणवाणी

मी कोल्हापुरातच स्पीच थेरपिस्ट आहे. आण्णांना न तपासता पक्कं काही सांगणं योग्य नाही, तरी तुम्ही इतकं नीट लिहिलंय की काही गोष्टी सांगता येतील.

आधी आरतीचं. घोकून घोकून जिभेवर बसलेलं, म्हणजे आरती, आकडे, वार, शिव्या, हे मेंदूतून वेगळ्या वाटेनं येतं. नवीन वाक्य जुळवायचं असेल तर शब्द शोधावा लागतो आणि अफेजियात नेमकं ते शोधणंच अडतं. त्यामुळे "आरती म्हणता येते मग पाणी का म्हणत नाहीत, नाटक करतात" असं कुणी म्हणालं तर त्यांना हे समजावून सांगा. आणि बुद्धी गेली असंही समजू नका, माणूस आत तोच आहे.

आता तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य मी तीनदा वाचलं, उजवीकडच्या चित्रांना कधीच बोट लावलं नाही. डाव्या मेंदूच्या झटक्यात काही जणांची दोन्ही डोळ्यांची उजवी अर्धी नजर जाते. बरेचदा पेशंटला स्वतःला ते कळत नाही आणि बोलता येत नसल्यामुळे सांगताही येत नाही. घरी एक करा, जेवताना ताटातलं उजवीकडचं तसंच राहतं का ते बघा. राहत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नजरेचं फील्ड तपासून घ्या. तोवर बोर्ड त्यांच्या डाव्या बाजूला धरा आणि घरं आडवी न मांडता एकाखाली एक मांडा. शिवाय जवळचं बघायचा चष्मा होता का? तो लावला जातोय का? हसू नका, आजारपणात चष्मा ड्रॉवरमध्ये पडून राहिलेली कितीतरी माणसं मी पाहिलीत.

अक्षरांचा बोर्ड लगेच नको. अफेजिया फक्त तोंडाचा नसतो, तो भाषेचा असतो, वाचणं लिहिणं पण कमीजास्त बिघडतं, अक्षरं जुळवून शब्द करणं तर बोलण्याइतकंच अवघड जातं. ज्यांची भाषा शाबूत आहे आणि फक्त जीभ, ओठ, हात चालत नाहीत, त्यांच्यासाठी अक्षरं उत्तम.

आण्णांसाठी मी कागद-मार्करपासून सुरुवात करेन. प्रश्न विचारायचा आणि दोन किंवा तीन उत्तरं मोठ्या अक्षरात एकाखाली एक लिहायची, लिहिताना मोठ्यानं वाचायची, मग कागद पुढं करून थांबायचं. "चहा / दूध / काही नको". शेवटी "वेगळंच काहीतरी" हे कायम. पूर्ण शब्द ओळखणं बऱ्याच जणांना जमतं, जरी लिहिणं जमत नसलं तरी. जमत नसेल तर शब्दाशेजारी फोटो. हो-नाहीचा घोळ अफेजियात नेहमीचा आहे, मनात नाही असतं आणि मान हो म्हणून हलते. म्हणून मानेवर विसंबू नका, कागदावर "हो" आणि "नाही" लिहून बोट लावायला सांगा, आणि महत्त्वाची गोष्ट असेल तर थोड्या वेळानं क्रम उलटा करून परत विचारा. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं तर धरून चाला.

आईंच्या शंकेबद्दल. ही भीती सगळ्यांनाच असते, विशेषतः लहान मुलांच्या आयांना. २००६ मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी जन्मजात विकासाच्या अडचणी असलेल्यांवरचे अभ्यास एकत्र तपासले होते. त्यातल्या भरवशाच्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं बोर्ड किंवा खुणांमुळे कमी झालं नव्हतं, ८९ टक्क्यांचं वाढलं होतं, बाकीच्यांचं होतं तेवढंच राहिलं. ते मोठ्यांच्या अफेजियावरचं काम नाही हे खरं, पण माझाही रोजचा अनुभव तोच आहे, ताण उतरला की शब्द उलट सुटतात. बोलण्याची थेरपी अजिबात थांबवायची नाही, दोन्ही बरोबर चालतं.

ॲप नंतर बघू. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं जेलो नावाचं ॲप फुकट आहे आणि मराठीत आहे, चेन्नईत तयार झालेलं "आवाज" नावाचं ॲप पण बरंच वापरलं जातं. पण मोबाईलचं चार्जिंग संपतं, उन्हात स्क्रीन दिसत नाही, कागद कधी बंद पडत नाही. ॲप घेतलं तरी कागद ठेवाच.

आणि सहा महिने झाले की दिव्यांग प्रमाणपत्राचं डॉक्टरांना विचारून ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषा दिव्यांगत्वाच्या व्याख्येत अफेजिया नावानिशी आहे, आणि संवादाच्या व्याख्येत असे पर्यायी मार्गही धरलेले आहेत. म्हणजे बँकेत, ऑफिसात आण्णांनी बोर्डावर बोट ठेवून सांगितलं तर ते त्यांचं बोलणंच आहे, हे समोरच्याला ठामपणे सांगता येतं.

---

पन्हाळा_रोड

अक्षरांच्या बोर्डाचा विषय निघाला म्हणून लिहितो, उद्यमनगरकरांच्या आण्णांना कदाचित लागू होणार नाही पण दुसऱ्या कुणाला होईल.

माझ्या थोरल्या भावाला मोटर न्यूरॉनचा आजार होता, स्नायू एकेक करून निकामी करणारा. हात गेले, मग बोलणं गेलं, डोळे आणि डोकं मात्र शेवटपर्यंत लखलखीत. स्टीफन हॉकिंगचं १९८५ मध्ये गळ्याचं ऑपरेशन होऊन आवाज गेला तेव्हा तो सुरुवातीला अक्षरांच्या कार्डावर भुवई उचलून शब्द जुळवायचा, ते दादाला माहीत होतं, त्यानंच डोळ्यांनी खुणावलं की आपण पण तसं करू. पण इंग्रजी पद्धतीनं सरळ सगळी अक्षरं वाचत गेलं तर मराठीत जीव जातो, पन्नासच्या आसपास अक्षरं आणि वर काना-मात्रा.

आपल्याकडं वर्णमालेचे वर्ग आधीच पाडून ठेवलेत ना, ते कामाला आले. मी म्हणायचो: अ? क? च? ट? त? प? य? श? दादा वर्गाला डोळे मिटून उघडायचा. समजा प ला मिटले, मग प, फ, ब, भ, म. ङ आणि ञ काढून टाकले. म्हणजे पंधरा-वीस प्रश्नांऐवजी बरेचदा सहा-सातांत अक्षर मिळायचं. काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वार सगळं सोडून द्यायचं, प-ख-ल-व आलं की पंखा लाव, माणूस जुळवून घेतो. पहिल्या आठवड्यात भिंतीवर तक्ता लावला होता, नंतर आम्हा दोघांना तोंडपाठ झालं, तक्त्याकडं बघायची पण गरज नव्हती, अंधारात पण चालायचं, मी हात त्याच्या पापणीवर ठेवून विचारायचो.

अंदाज सांगायला हरकत नाही, वेळ वाचतो. पण त्याची पापणी मिटल्याशिवाय तो अंदाज खरा धरायचा नाही. वहिनी घाईत "हां हां कळलं" म्हणून उठायची आणि दादाचे डोळे असे मोठे व्हायचे. मग आम्ही ठरवलं की वर बघितलं म्हणजे "पुसून टाक, पहिल्यापासून".

त्याच्या शेवटच्या महिन्यात एका रात्री त्यानं क-प-ट-ख-ल एवढं सांगितलं. कपाट खाली. खालच्या कप्प्यात विम्याची फाईल होती, आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. पण मला त्यापेक्षा जास्त आठवतं ते म्हणजे त्याच रात्री त्यानं पुढं झ-प-त जुळवलं. झोप तू. पाऊण तास लागला सगळ्याला, त्यातली तीन अक्षरं माझ्यासाठी होती.

---

कळंबा_नाका

मध्येच विचारतो, माफ करा. माझा भाचा ९ वर्षांचा, ऑटिझम आहे, बोलत नाही. बाहेरगावच्या एक बाई येतात, त्याचं मनगट धरून अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवतात आणि तो इंग्रजीत मोठमोठी वाक्यं लिहितो असं सांगतात. घरात इंग्रजी कुणी बोलत नाही. तो पाटीकडं बघत पण नसतो. बहीण फार आशेवर आहे, पैसे पण बरेच जातायत. हे आणि तुम्ही सांगताय ते बोर्ड एकच का?

---

श्रवणवाणी

नाही, एकच नाही, आणि हे स्पष्टच सांगायला पाहिजे. मनगट किंवा कोपर धरून लिहून घेण्याला फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन म्हणतात. १९९० च्या दशकात त्याच्या चाचण्या झाल्या, मुलाला एक चित्र दाखवलं आणि हात धरणाऱ्याला दुसरं. कागदावर उतरलं ते हात धरणाऱ्याला दिसलेलं चित्र. ती माणसं बहुतेक खोटारडी नव्हती, हात नकळत आपल्या मनातलं लिहून घेतो आणि त्यांचं त्यांनाच कळत नाही. अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेनं, आशानं, २०१८ मध्ये ही पद्धत वापरू नका असं लेखी सांगितलंय.

बहिणीला दुखवू नका. एकच करा, भाच्याला घरात एखादी वस्तू दाखवा, बाईंना न सांगता, आणि मग काय बघितलं ते लिहून घ्यायला सांगा. बोर्ड आपण धरायचा, हात त्याचा त्यानं हलवायचा, एक चित्र दाखवायला दोन मिनिटं लागली तरी चालतील. त्याच्या स्वतःच्या बोटानं आलेला एक "नको" त्या सगळ्या इंग्रजी वाक्यांपेक्षा मोलाचा आहे, तिथून सुरुवात करा. मला मेसेज टाका, कोल्हापुरात कुणाकडं न्यायचं ते सांगते.

---

उद्यमनगरकर

मॅडम, ताटाचं बघितलं. अंगावर काटा आला.

आपल्याकडं ताटात उजवीकडं भाजी आणि डावीकडं चटणी कोशिंबीर वाढतात. पाच महिने आई म्हणतेय ह्यांनी भाजीच सोडली, नुसती चटणी, दही आणि भाकरी खातात, चव गेली असेल. रोज वेगळी भाजी करून बघायची बिचारी, मेथी, वांगी, दोडका. काल रात्री मी जेवताना बघत बसलो. डावी बाजू स्वच्छ, उजवीकडं वांगं तसंच. मी काही न बोलता ताट अर्धं फिरवलं. आण्णांनी वांग्याकडं बघितलं, मग आईकडं बघितलं, आणि सगळं खाल्लं. आई उठून आत गेली. डोळ्यांच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतलीय. चष्मा पण ड्रॉवरमध्येच होता, तुम्ही म्हणालात तसा.

राजारामपुरीच्या ताई, तुमचं ते "चुकीचं समजलास" घालतोय बोर्डावर, सगळ्यात वर डावीकडं. पन्हाळा रोड दादा, तुमचं वाचून काय बोलावं कळेना.

---

राजारामपुरीची_आई

आईंना सांगा त्यांची चूक नाही यात. आणि आण्णांच्या आवडीचं पण घाला बोर्डावर, नुसतं कामाचं नको. त्यांना कशाची आवड आहे?

---

उद्यमनगरकर

तीन आठवडे झाले, मुद्दाम थांबलो होतो लिहायला.

नजरेचं खरं निघालं, उजवी अर्धी बाजू दिसत नाही. नवीन बोर्ड केला, उभा, एका पानावर सहाच फोटो, आणि सगळ्यात वर डावीकडं ते "चुकीचं समजलास". आवडीचं म्हणजे आण्णा पाटाकडील तालमीच्या फुटबॉल टीमचे कट्टर, तर शाहू स्टेडियम, पाटाकडीलचा झेंडा, नातू, गंगावेशीतला दुधाचा कट्टा, आईचा फोटो, आणि लेथ. लेथचा वेगळा फोटो नव्हता म्हणून खंडेनवमीच्या पूजेचा जुना फोटो लावला, मशीनला झेंडूची माळ, पुढं आम्ही सगळे उभे. सोबत कागदाची वही आणि मार्कर कायम. आता ढकलत नाहीत. आई बोलताना स्वतः बोट लावते, पहिल्यांदा लाजायची.

आता लेथचं सांगतो. गेल्या गुरुवारी आण्णांनी स्वतःहून पान उलटलं आणि खंडेनवमीच्या फोटोवर बोट ठेवलं. मी कागदावर लिहिलं: विकू / नको विकू / वेगळंच. मला खात्री होती नको म्हणणार. बोट "विकू" वर. मी परत क्रम बदलून विचारलं, परत "विकू". मग म्हटलं त्या दिवशी एवढं का चिडला होता? गिऱ्हाईकानं सांगितलेला आकडा लिहिला, १,८०,०००, खाली १,००,०००, खाली ५०,०००. तर वर जाऊन "चुकीचं समजलास" वर दोनदा बोट आपटलं आणि परत फोटोवर.

मी थांबलो. पंधरा मोजले, परत पंधरा मोजले. तेव्हा बघितलं की बोट लेथवर नाहीच, मशीनच्या बाजूला उभ्या माणसावर आहे. आमचे मिस्त्री. २२ वर्षं होते आमच्याकडं, शेड बंद झाल्यापासनं दुसरीकडं रोजावर जातात. मी लिहिलं: मिस्त्रींना द्यायचा / नाही / वेगळंच. पहिल्यावर बोट, आणि असा सुस्कारा सोडला की आई आतनं बघायला आली काय झालं म्हणून. परत आकडे पुढं केले तर पुन्हा चुकीचं समजलास. मग मला सुचलं आणि खाली लिहिलं "हप्त्यानं". त्यावर बोट ठेवून शांतपणे म्हणाले, अगं ते. आणि मग एक लाखावर बोट. सगळ्याला चाळीस मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रम उलटे करून परत विचारलं, सगळं तेच.

मी त्यांच्यासमोर बसून महिनाभर त्यांच्या मशीनचा भाव ठरवत होतो आणि ते मला हेच सांगत होते.

मिस्त्री रविवारी येणार आहेत. त्याआधी एक पान अजून करायचंय त्या दोघांना बोलायला, त्यात हप्ता, टेंपो, शेडची चावी, मोटर जुनी आहे, चहा घे, एवढं घालतोय. उद्या पापाची तिकटीला लॅमिनेशनला जातो. मॅडम, चावीसाठी चित्र चालेल का शब्दच लिहू?

---

श्रवणवाणी

शब्द लिहा आणि वर त्याच चावीचा फोटो, खिळ्याला अडकवलेली असते तशी. आणि पान घेऊन तुम्ही आत निघून जा, मिस्त्रींना आणि त्यांना बोलू दे.